शेजार परत मिळणेबाबत

"घोगरेभाऊ, एक विचारू? तुमच्या वॉर्डातल्या सगळ्यांचे गुडघे एकाच महिन्यात कसे काय गेले?"

घरकुल विभागातले कुलथे चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. त्यांनी वरचा एक उचलून वाचायला घेतला.

"हे बघा. भीमराव देवकर. तळमजल्यावरचं घर सोडून दुसऱ्या मजल्यावर जायचंय. कारण, 'गुडघेदुखीमुळे जिना चढणे अशक्य'."

मी अर्ज हातात घेतला. अक्षर माझंच होतं, खाली नगरसेवक म्हणून शिफारसही माझीच. एका बैठकीत आठ-दहा अर्ज लिहायला बसलो की हात आपोआप चालतो, त्यातलाच प्रकार.

"नजरचूक," मी म्हणालो. "तिथं 'तळमजल्याला ओल, दम्याचा त्रास' असं करून टाका."

"मी नाही करणार. तुम्हीच करा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी तिथंच उभ्या उभ्या खाडाखोड केली, शेजारी सही ठोकली, आणि आम्ही दोघंही पोटभर हसलो. त्याला आता बारा वर्षं झाली. हसलो होतो एवढं मला पक्कं आठवतं.

मी मूळचा अर्ज लिहिणारा. तहसील कचेरीच्या फाटकाशी, स्टॅम्पवाल्याच्या बाजूला टेबल-खुर्ची टाकून एकोणीस वर्षं बसलो. रेशनकार्ड, वारसनोंद, विधवा पेन्शन, म्हणाल ते लिहिलं. माझा अर्ज सहसा परत येत नसे आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता. लोकांना मी दोन गोष्टी बजावून बजावून सांगायचो. खरं कारण वेगळं आणि चालणारं कारण वेगळं. खरं मला सांगा, चालणारं मी लिहितो. आणि दुसरं, अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का मारलेली पोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. टेकनाल्याच्या वस्तीत निम्म्या घरांतल्या पत्र्याच्या पेटीत माझ्या हातचा एखादा कागद असायचा. निवडून आलो तो त्याच कागदांच्या जिवावर.

टेकनाला म्हणजे नाल्याच्या काठची पत्र्याची पन्नासेक घरं. जागा मिळेल तिथं ज्यानं त्यानं भिंत उभी केलेली, त्यामुळं वडाराच्या भिंतीला मुसलमानाची भिंत आणि तिच्या मागं मातंगाची मोरी. भांडणं व्हायची, पाण्यावरून, कोंबड्यांवरून, पण जातीवरून झालेलं मी तरी ऐकलं नव्हतं. वस्ती उठवून पक्की घरं द्यायचं ठरलं तेव्हा मी सभागृहात उभा राहून मागणी केली, की घरं जातवार वाटू नका, चिठ्ठ्या टाका. मिसळून राहिलेत तसेच राहू द्या. शाळेच्या हॉलमध्ये नव्या कोऱ्या कळशीतून चिठ्ठ्या निघाल्या. अ, ब, क, ड अशा चार इमारती, प्रत्येकीत तळमजला धरून तीन मजले, मजल्याला चार दारं. गावातल्या पेपरात माझा फोटो आला. तो मी कापून ठेवलाय.

नियमात एक बारीक कलम होतं. ताबा मिळाल्यापासून साठ दिवसांत, आजारपणासारखं योग्य कारण असेल तर दोन कुटुंबांना आपसात घरं बदलता येतील. दोघांनी वेगवेगळे अर्ज करायचे, वर नगरसेवकाची शिफारस जोडायची.

पहिला अर्ज खरा होता. एका वडाराची म्हातारी खरंच जिन्यावर बसून बसून चढायची. मी गुडघे लिहिले आणि दोन दिवसांत मंजुरी आली. मग वस्तीत बातमी फिरली, की भाऊ गुडघे लिहितात आणि काम होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर माणसं. बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. माणसं आली की मला बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो. चहा मीच करायचो. आलेला माणूस चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचा आणि कप खाली ठेवताना आवाज बारीक करायचा.

"तसं भांडण काय न्हाई, भाऊ. माणसं चांगली हायती. पण आपल्यात असलं की बरं पडतं."

कोणी म्हणायचा, पोरीला बघायला पाहुणे आले की आधी विचारतात शेजारी कोण. कोणी म्हणायचा, सणावारी आपलं घर एकटं पडतं. शिव्या कोणीच देत नव्हतं. सगळे अगदी समजुतीनं बोलायचे, आणि मी समजुतीनं लिहायचो. खालच्या घराकडं निघालेल्याचे गुडघे, वर निघालेल्याला ओल आणि दमा. कधी वाटायचं, एखाद्याला म्हणावं, बाबा, नको जाऊस. पण एकाला लिहून दिलं आणि दुसऱ्याला नाही म्हणालो असं मला कधी जमलं नाही. शिवाय मतं होती. पन्नास दिवसांत अ इमारतीत मुसलमान, ब मध्ये वडार, क मध्ये मराठा आणि धनगर, ड मध्ये बौद्ध आणि मातंग. कळशीतून जे निघालं होतं ते मी माझ्या चांगल्या अक्षरात पुन्हा निवडून, पाखडून ठेवलं.

पंचावन्नाव्या दिवशी जैतूनबी आली. तिचा नवरा केळ्यांचा गाडा लावायचा. तो वारल्यावर गाडा मुलगा बघत होता. तिला क इमारतीत दुसरा मजला आला होता. ती ओसरीच्या पायरीवरच बसली, चहा नको म्हणाली.

"आमच्यातले सगळे गेले, भाऊ. आता त्या बिल्डिंगीत मी एकटीच. पोरीची सोयरीक जमत आलीय, पाहुणे विचारतात तुम्हीच का मागं राहिला. पोरगं रोज डोकं खातं."

"बदली कोणाशी करताय?"

"तुमच्याच शहाजीशी. ते अ मध्ये एकटे पडलेत, त्यांच्या बायकोला करमत न्हाई."

शहाजी माझा चुलतभाऊ. तोही नाल्यातलाच. दोन्ही अर्ज माझ्यासमोर आले तेव्हा नाही म्हणायला मला कुठूनच जागा नव्हती.

"गुडघे लिहू?"

"लिहा. पण माझे खरंच दुखतात हां," ती म्हणाली आणि उठली. चार पावलं जाऊन परत आली. "भाऊ, नरसम्माला तुम्ही सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई ते."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही.

नरसम्मा गुंडेटी ही टेकनाल्यातली एकुलती एक पद्मशाली, घरची बोली तेलुगू. तिचा नवरा सोलापूरहून आमच्या गावातल्या यंत्रमागावर कामाला आला होता. माग बंद पडला, मग नवरा गेला, आणि ही नाल्याच्या तोंडाशी दारात सूप घेऊन विड्या वळत राहिली. मूलबाळ नव्हतं. तीस वर्षं तिच्या भिंतीला जैतूनबीची भिंत. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा दोघींना क इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दारं आली, आणि त्या दोघी हॉलमध्ये सगळ्यांसमोर हातात हात घालून रडल्या होत्या. पेपरातल्या फोटोत माझ्या मागं त्या दिसतात.

जैतूनबी येऊन गेल्यावर दोन दिवसांनी नरसम्मा माझ्या ओसरीवर आली. दोन जिने ती बसून, एकेक पायरी घसरत उतरली होती आणि पुढं काठीवर चालत आली होती. लुगड्याला मागून धूळ लागलेली. तिचे गुडघे खरेच गेले होते. एवढ्या अर्जांत ज्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली गेली नव्हती असे बहुधा तिचेच गुडघे होते.

मी कागद पुढं ओढला आणि लिहायलाच लागलो. 'विषय : घर बदलून मिळणेबाबत.'

"काय लिहिता, भाऊ?"

"तुमचा अर्ज. तळमजल्यावर घर पाहिजे ना?"

"घर नको. घर चांगला आहे."

तिचं मराठी तिच्या पद्धतीचं होतं. कशाला 'तो' म्हणायचं आणि कशाला 'ती' हे तिला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

"मग काय पाहिजे?"

"शेजार परत पायजे."

मी हसलो. "असा अर्ज नसतो, नरसम्मा."

"तुम्ही लिहिला तर असतो."

"अहो, पण देणार कोण शेजार? नगरपालिका?"

"घेतला कोणी?" ती म्हणाली.

 मी विषय बदलावा म्हणून विचारलं, की तुमच्या लोकांत राहायचं असेल तर बघू का, ड इमारतीत एक तेलुगू बोलणारं घर आहे.

"आमचा लोक सोलापुरात. हितं माझा लोक म्हंजे ज्यांचा किल्ली माझ्याकडं होता तो."

मग तिनं किल्ल्यांचं सांगितलं. नाल्याच्या तोंडाशी घर, दिवसभर दारात बसलेली. कामावर जाणारा प्रत्येकजण जाताना किल्ली तिच्या खिळ्याला अडकवून जायचा. अकरा किल्ल्या होत्या. वाचता येत नाही म्हणून तिनं प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती, जैतूनबीची निळी. किल्ली ठेवताना माणूस बोलतो, घेताना बोलतो. कोणाचं पोर शाळेतून लवकर आलं, कोणाचा पाहुणा बसलाय, कोणाला ताप आहे, सगळं तिला कळायचं. क इमारतीत सुरुवातीला मजल्यावरच्या तिन्ही किल्ल्या तिच्याकडं येत. मग शेजारी बदलत गेले. नवे लोक वाईट नव्हते, भेटले की हसायचे, पण किल्ली खालच्या मजल्यावर त्यांच्या नात्यात ठेवायचे.

"आता एक जैतूनचा राहिला. तो पण जाणार."

म्हणजे तिला कळलं होतं. मी खाली बघून कागदाची घडी घालायला लागलो.

"तुमचा किल्ली कोणाकडं असतो, भाऊ?"

"माझी? खिशात."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. माझी कीव केली की काय कोण जाणे. मला ते आवडलं नाही, आणि तिला वाटेला लावायला म्हणून मी नवा कागद घेतला. 'मा. मुख्याधिकारी यांस. विषय : शेजार परत मिळणेबाबत.' लिहिताना मला मजाच वाटत होती. अर्जदाराचं नाव, इमारत क, घर क्रमांक बारा. मग नेहमीच्या जागी येऊन थांबलो.

"कारण काय लिहू?"

"लिहा की, माझ्याकडं कोणाचा किल्ली न्हाई."

मी लिहिलं, 'माझ्याकडे कोणाचीही किल्ली नाही.' त्या दोन महिन्यांत मी लिहिलेलं, पहिला अर्ज सोडला तर, हे एकच खरं कारण. तिनं अंगठा उठवला, पदराला पुसला आणि म्हणाली, "पोच आणा. तुम्हीच सांगता, पोच न्हाई तर अर्ज न्हाई."

त्या रात्री मी जेवलो नाही, कारण करून घालणारं कोणी नव्हतं आणि स्वतः करायचा कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी दहाला नगरपालिकेत गेलो. खरंच सांगतो, मनात एक ठरवून गेलो होतो.

"कुलथे, ते जैतूनबी बागवान आणि शहाजी घोगरे यांचं प्रकरण जरा थांबवायचं होतं."

"का?"

"शिफारस मागं घेतो म्हणतो."

कुलथ्यांनी पेन खाली ठेवलं. "मागं घ्या. पण मला शेरा लिहावा लागेल. काय लिहू, गुडघे बरे झाले?"

मी हातातला कागद उलटासुलटा केला.

"भाऊ, एक अर्ज खोटा ठरला की साहेब बाकीचे मागवणार. बेचाळीस अर्ज आहेत. बेचाळीसांवर तुमची सही आहे आणि चाळीस तुमच्या अक्षरात आहेत. तुमचं पद जाईल ते जाईल, ती बेचाळीस घरं परत सामान बांधून जिन्यावर उभी राहतील. बघा बुवा."

त्यांचं बोलणं बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर शहाजीची बायको दोनच दिवसांपूर्वी मला डबा देऊन गेली होती.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली. "हे काय आणखी?" त्यांनी ओढून घेतला, वाचला, आणि चष्मा खाली आणून पुन्हा वाचला. हसले, पण वाईट नाही हसले.

"शेजार कुठल्या टेबलाला येतो हो? पाणीपुरवठा, आरोग्य की बांधकाम?"

"म्हातारीच्या समाधानासाठी लिहिलाय."

"असू द्या. आणलाय तर देऊन जा, आवकमध्ये शिक्का मारून देतो. पडून राहील कुठंतरी. इथं काय, सात सात वर्षांची प्रकरणं पडलीत."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं माना वर करून बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर आलं, की हा कागद चहाच्या टपरीपर्यंत जाणार, एकोणीस वर्षं अर्ज लिहिणारा घोगरे आता शेजार मागतोय म्हणून लोक टाळ्या देणार. ज्याचा अर्ज परत येत नाही अशी माझी ख्याती. मी कागद कुलथ्यांच्या हातातून काढून घेतला, चार घड्या घालून डायरीत ठेवला, आणि म्हणालो, "राहू द्या. उगीच कशाला." जैतूनबीची आणि शहाजीची मंजुरी त्याच आठवड्यात निघाली.

पुढं दोन-अडीच महिने मी क इमारतीकडं फिरकलो नाही. कामं होती, आणि नसती तरी गेलो नसतो. नरसम्मा एकदा रेशन दुकानाच्या रांगेत भेटली.

"भाऊ, पोच?"

"अर्ज वर गेलाय," मी म्हणालो. सरकारी कामात हे उत्तर कधी चुकत नाही.

"वर म्हंजे कुठं? वर तर मीच राहते."

रांगेतली माणसं हसली, मीही हसलो. ती हसली नाही. "लौकर द्या पोच. थांबलेत," ती म्हणाली. मला वाटलं, हिचंच बोलणं असं. मी थांबलेय म्हणायचं असेल. दुसऱ्यांदा ती भेटली तेव्हाही तेच म्हणाली, आणि मी उद्या आणतो म्हणालो.

तिसऱ्या खेपेला मीच सापडलो. शहाजीनं नव्या घरात सत्यनारायण घातला, तिथं न जाऊन चालणार नव्हतं. बाहेर पडलो तर समोरचं, नरसम्माचं दार उघडंच होतं. नरसम्मा सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. शहाजीकडचा प्रसाद तिच्याजवळ द्रोणात होता, म्हणजे तिला विसरले नव्हते, हे मुद्दाम सांगतो.

"या, भाऊ."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. "पोचेचं बघतोय मी, नरसम्मा. साहेब रजेवर—"

"आता घाई न्हाई," ती म्हणाली. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि एक किल्ली माझ्यापुढं धरली. तांबडी चिंधी बांधलेली. "हा माझा. दोन होते. एक तुमच्याकडं ठेवा."

"माझ्याकडं कशाला? मी गावाच्या त्या टोकाला राहतो."

"कोणाकडं तरी असावा."

मी घेतली. घरी आणून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. रोज दाढी करताना ती आरशात मागं दिसायची. जाऊन यावं असं पुष्कळदा वाटलं, पण गेलो तर पोच मागेल या भीतीनं गेलो नाही. ती आता मागणार नाही हे तिनं सांगितलेलं असूनही.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला भरायचा असतो. नरसम्माचा अंगठा पाहिजे होता, म्हणून फॉर्म घेऊन गेलो. दाराला कुलूप होतं. समोरून शहाजीची बायको बाहेर आली.

"नरसम्मा कुठं गेल्या, वहिनी?"

"कुलूपच दिसतंय आठ-पंधरा दिवस. कधी गेल्या काय की. आमचं तसं येणं-जाणं न्हवतं." मग जरा ओशाळून म्हणाली, "चहा घेणार का, भावजी?"

मी नको म्हणालो. घरी जाऊन किल्ली घेऊन आलो आणि कुलूप उघडलं. आत झाडून घेतलेलं होतं. सूप नव्हतं, चूल-भांडी नव्हती, देवाचा फोटो नेलेला. दाराच्या आतल्या बाजूला, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर खिळा होता आणि खिळ्याला किल्ल्या होत्या. मी मोजल्या, अकरा. नव्या घरांच्या नव्हेत. नाल्यातल्या पत्र्याच्या घरांच्या, गंजत आलेल्या, हिरव्या पिवळ्या निळ्या चिंध्या बांधलेल्या. ती घरं पाडून वर्ष होत आलं होतं, कुलपंही भंगारात गेली असतील, किल्ल्या परत न्यायचं कोणाला सुचलं नसेल. हिनं किल्ल्या सांभाळून इथपर्यंत आणल्या होत्या आणि जाताना त्या जागेवर ठेवून गेली होती, न जाणो कोणी मागायला आलं तर.

 मला तिथं रडू आलं. का ते तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं.

निळ्या चिंधीची किल्ली खिशात टाकून मी अ इमारतीत गेलो. जैतूनबी तळमजल्यावर दारातच तांदूळ निवडत होती. मी किल्ली पुढं केली. तिनं ती ओळखली, हातात घेतली, चिंधीवरून बोट फिरवलं.

"भाचा घेऊन गेला तिला सोलापूरला," ती म्हणाली. "मला सांगाय आली होती. दोन जिने उतरून, हे पटांगण ओलांडून. म्हणाली, वर बसून बसून जीभ चिकटली." तिनं ताट बाजूला ठेवलं. "भाऊ, तिच्या त्या अर्जाचं काय झालं?"

"तुम्हाला माहीत आहे अर्जाचं?"

"मला न्हाई तर कुणाला? मंजुरी हातात आल्यावर पण मी तिथंच बसले होते की, अडीच महिने. बोचकी बांधलेली. तुमचा शहाजी रोज विचारायचा, कधी सोडताय. नरसम्मा म्हणाली, मी अर्ज दिलाय, थांब. मी पोराला सांगितलं. ते म्हणालं, पोच दाखव. शिक्क्याची पोच असंल तर पाहुण्यांना सांगता येतं, नगरपालिकेत प्रकरण चालू हाय, निकाल लागंस्तोवर घर सोडता येत न्हाई म्हणून. मंग कोण काय बोलणार?"

मी तिच्या उंबऱ्यापाशी टेकलो.

"आणि तुमच्या नगरपालिकेत प्रकरण कधी निकाली निघतंय का, भाऊ?" ती जराशी हसली. "पाच-सात वर्षं गेली असती. तवर पोरगी नांदाय गेली असती, नरसम्माचं नि माझं पण होत आलं असतं. कागद तिकडं पडून राहिला असता आणि आम्ही हिकडं राहिलो असतो. एक शिक्का पायजे होता." तिनं किल्ली मुठीत धरली. "मंग? काय झालं त्याचं?"

डायरी माझ्या काखेत होती. तिच्यात चार घड्या घातलेला तो कागद होता. मला सांगता आलं असतं.

"नामंजूर झाला," मी म्हणालो.

"व्हय," जैतूनबी म्हणाली. "नियमात बसत नसंल." आणि तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड राखीव झाला आणि मी माजी झालो. ओसरीवर कोणी येईनासं झालं. मुलानं बायपासजवळ आमच्याच लोकांच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन दिला, दुसऱ्या मजल्यावर. जैतूनबीकडून सोलापूरचा पत्ता घेऊन मी नरसम्माला दोन पत्रं टाकली. एक परत आलं, दुसऱ्याचं काही कळलं नाही. अर्ज अजून माझ्याकडं आहे. मी तो कधीमधी काढून वाचतो. एकही शुद्धलेखनाची चूक नाही, तिचं व्याकरणसुद्धा मी सुधारून घेतलंय. आवक क्रमांकाची जागा तेवढी कोरी आहे.

माझे गुडघे आता खरंच गेलेत. गुरुवारी डॉक्टरकडं जावं लागतं. कुलूप लावतो आणि जिन्याच्या कठड्याला धरून जरा उभा राहतो. मजल्यावर आणखी तीन दारं आहेत, तिन्ही आपल्यातलीच. मग किल्ली खिशात टाकतो आणि एकेक पायरी उतरायला लागतो.